आधी खडू, मग विटा

टेपताईला कुणी चहाला बोलावलं, की ती आधी त्यांचं बाथरूम बघून येते. गरज म्हणून नव्हे. दार किती रुंद आहे, उंबरा किती उंच आहे, चाकांची खुर्ची आत गेली तर वळेल का, हे कळल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. बाहेर येऊन ती यजमानांना प्रेमानं सांगते, "फरशी सुंदर आहे हो तुमची. फक्त उद्या पाय मोडला, तर या घरात तुम्हाला आंघोळ करता येणार नाही." लोक ओशाळं हसतात आणि पुढच्या वेळी तिला बाहेरच कुठेतरी चहा पाजतात.

ती आर्किटेक्ट. पर्समध्ये कंगवा असो नसो, पोलादी टेप असतोच. गवंड्यांनी तिचं नाव टेपताई ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की आता नवऱ्याच्या तोंडीही तेच आहे. नवरा तर लग्नाची हकिगत रंगवून सांगतो. ही पहिल्यांदा त्याच्या घरी आली तेव्हा तिनं त्याच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. पुढचं दार मोजलं, मागचं दार मोजलं आणि मान डोलावली. आधीच्या दोन मुलांची दारं अरुंद निघाली होती म्हणे. "होकार माझ्या दाराला आला," तो म्हणतो, "मी आपला चौकटीबरोबर आलो."

या सगळ्या मापांच्या मागे एकच माणूस होता, तो म्हणजे तिचा मोठा भाऊ. ती त्याला दादा म्हणते. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून हातपाय त्याचं ऐकत नाहीत. डावा हात तेवढा बऱ्या बोलानं वागतो, त्याच हातानं तो आपली विजेवरची खुर्ची चालवतो. जीभही जड. एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर काढावा लागतो. डोकं मात्र तल्लख, आणि त्यातला निम्मा तल्लखपणा लोकांच्या खोड्या काढण्यात खर्ची पडतो.

लहानपणी कुठे जायचं ठरलं, की आई-बाबा धाकटीला आधी पुढे पिटाळायचे. ती धावत जायची, पाहणी करायची आणि धापा टाकत परत येऊन सांगायची, "पायऱ्या आहेत, कठडा नाही, पण मागच्या बाजूनं गाडी आत घेतात तिथून दादा जाईल!" मग सगळं कुटुंब मागच्या बाजूनं, भाजीवाल्यासारखं आत जायचं. बाकीच्या मुली बाहुलीला झोपवायच्या त्या वयात ही बाहुलीच्या घराला उतार करून देत होती. पुढे तिनं हेच शिक्षण घेतलं यात कुणाला काही नवल वाटलं नाही. दादा तिला "इंजिनेर" म्हणतो. ती आर्किटेक्ट आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच म्हणतो.

आणि आई. बाबा गेल्यापासून ती एकटीच दादाची आई, नर्स, पैलवान आणि प्रवक्ता होती. यातली पहिली तीन कामं ती उत्तम करायची. चौथं सगळ्यात जोरात करायची आणि हमखास चुकवायची. दादानं "मला" एवढं म्हटलं, की आई पुढचं वाक्य पुरं करायची, "पाणी हवंय त्याला." दादा मुकाट्यानं पाणी प्यायचा. नाही म्हणण्यापेक्षा गिळणं सोपं पडतं, असं त्याचं मत होतं. त्याला निळाच रंग आवडतो, हे आईनं त्याच्या लहानपणीच जाहीर करून टाकलं होतं. त्याचं कपाट उघडलं की आभाळ फाटून खाली आल्यासारखं वाटायचं. एकदा टेपताईनं खासगीत विचारलं, तर म्हणाला, "निळा... आईला आवडतो."

अशी ही आई सत्तरी ओलांडून गेली, आणि तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. इतकी वर्षं रोज दादाला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात उचललं, त्याचा हिशेब गुडघ्यांनी एकदम मागितला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवले. दोन्ही बदलावे लागतील. नंतर काही महिने उचलणं बंद. वर्ष-दीड वर्षात केलं नाही, तर पुढे चालणंच बंद. तारीख आधी मागून ठेवावी लागते, तेव्हा काय ते लवकर ठरवा.

"राजाचं कोण बघणार?" आईनं विचारलं. ती दादाला राजा म्हणते.

"माझ्याकडे राहील," टेपताई म्हणाली.

"तू दिवसभर साइटवर, जावई कचेरीत. त्याला उचलणार कोण? तुझा टेप?"

पगारी माणसं ठेवून बघितली. एकाचं पाऊल जड वाजतं म्हणून गेला, दुसरा काम करताना गुणगुणतो म्हणून. तिसऱ्यात काहीच दोष सापडेना, तेव्हा आई म्हणाली, "इतका चांगला माणूस मला संशयास्पद वाटतो." टेपताईच्या नाकी नऊ आले. आई अंथरुणाला खिळली, की पाठोपाठ दादाही खिळणार, हे कळायला काही डॉक्टर लागत नव्हता. तिला रात्रंदिवस त्याचीच धास्ती होती.

नेमकं तेव्हाच ते काम तिच्याकडे आलं. अपंग मुलांच्या आई-बापांनी मिळून एक संस्था काढली होती. मुलं कधीच मोठी झाली होती, आई-बाप थकले होते. त्यांना एक घर बांधायचं होतं. काही जण तिथे कायमचे राहतील. आणि काही खोल्या नुसत्या उसंतीच्या. म्हणजे घरच्यांना आजारपण आलं, गावाला जायचं झालं, किंवा नुसती चार दिवस पाठ टेकायची झाली, तर त्यांच्या माणसानं तेवढे दिवस तिथे मुक्कामाला यायचं. टेपताईनं काम घेतलं. कागदावर ती बारा खोल्यांची इमारत काढत होती, मनात मात्र एकच खोली होती. आईला नाही म्हणताच येणार नाही अशी.

संस्थेचे अध्यक्ष बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, फक्त त्यांना दर्शनी भागात गोल जिना हवा होता. इमारत एकमजली आहे, जिना जाणार कुठे, असं ताईनं विचारलं. "पुढेमागे लागेल," ते म्हणाले.

त्यांच्याशी वाद घालण्यात टेपताईनं वेळ घालवला नाही. तिची स्वतःची एक रीत आहे. नकाशा कुणालाच कळत नाही आणि ते कुणीच कबूल करत नाही, सगळे नुसते माना डोलावतात, हे तिला फार पूर्वी उमगलं होतं. म्हणून ती इमारत आधी जमिनीवर खडूनं काढते. पूर्ण मापाची, भिंतीच्या जागी भिंत, दाराच्या जागी दार. आणि जे तिथे राहणार त्यांना दिवसभर तिच्यात वावरायला लावते. नियम एकच, भिंतीतून चालायचं नाही. "आधी खडू, मग विटा," ती म्हणते. "खडू पुसायला ओलं फडकं पुरतं."

जवळच्या एका शाळेला सुट्टी होती. तिथल्या व्यायामाच्या हॉलमध्ये तिनं आणि बांधकामाच्या ठेकेदारानं मिळून इमारतीची एक बाजू आखली. एक पॅसेज, एक बाथरूम, बसायची खोली आणि उसंतीच्या दोन खोल्या. शाळेत आजारी मुलांना निजवायच्या खोलीतले पलंग आणले. कमोड म्हणून बादली पालथी घातली. आणि नियम पाळला जातो की नाही हे बघायला माणूस मिळाला तो अगदी लाखात एक. अध्यक्षांची मुलगी, तिशीची, डाऊन सिंड्रोम असलेली. घरात सगळे तिला फौजदार म्हणतात, आणि ते नाव तिला सन्मानाचं वाटतं. इतर सगळ्यांना ते खडूचे पट्टे दिसत होते. तिला भिंती दिसत होत्या.

ठेकेदार पहिल्याच मिनिटाला पॅसेजमधून थेट बाथरूममध्ये शिरला. फौजदारनं हात आडवा केला. "भिंत आहे!"

"अगं, खडू आहे तो."

"मागे जा. दारातून ये."

एवढा चाळीस माणसं हाताखाली वागवणारा गडी, निमूट मागे गेला आणि दारातून आला.

मग ताईनं अध्यक्षांना चाकांच्या खुर्चीत बसवलं. बाथरूम लहान करा, बैठकीची खोली मोठी दिसेल, ही सूचना त्यांचीच होती, आणि ताईनं गालातल्या गालात हसत त्यांच्याच मापाचं बाथरूम आखलं होतं. अध्यक्ष मोठ्या रुबाबात आत गेले. जाताना जमलं. बादलीपाशी पोहोचले, आणि मग वळता येईना. पुढे भिंत, मागे भिंत, बाजूला बेसिन म्हणून ठेवलेलं स्टूल. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि हळूच पाय उचलून खडूच्या पलीकडे टाकायला गेले.

"बाबा! भिंतीतून नाही."

"अगं, मग मी बाहेर कसा येऊ?"

"यायचं नाही," फौजदारनं निकाल दिला.

ताईनं त्यांना जरा वेळ तसंच राहू दिलं. मग ओल्या फडक्यानं भिंत पुसली, दीड मीटरचं वर्तुळ काढलं आणि त्याच्या बाहेरून नवी भिंत आखली. अध्यक्ष एका दमात वळले आणि बाहेर आले. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "जिन्याचं नंतर बघू." ते 'नंतर' कधीच आलं नाही.

आई आणि दादा दुपारी आले. आई काठी टेकत, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. दादा मागून खुर्चीत, निळ्या शर्टात. फौजदारनं त्यांना पॅसेजमधून रीतसर आणलं. पहिल्या खोलीचं सरकतं दार दाखवलं, हातानं सरकवल्यासारखं करूनही दाखवलं. आईनं ते नाक मुरडून बघितलं. "दवाखान्यासारखं आहे," ती म्हणाली.

टेपताईचा हुकमाचा पत्ता दुसऱ्या खोलीत होता. तिनं घरी कुणाला न कळू देता दादाची खोली इंचन् इंच मोजली होती आणि जशीच्या तशी इथे उतरवली होती. पलंग त्याच भिंतीला, खिडकी डाव्या हाताला, कपाट पायाशी, आणि आईची उठबस व्हायची त्या जागी आईची खुर्ची. नव्या जागेत दादाला बुजल्यासारखं होऊ नये, आणि खरं सांगायचं तर आईला होऊ नये, हा बेत.

आई आत आली. थांबली. डावीकडे बघितलं, पायाशी बघितलं. चेहऱ्यावरची परीक्षा विरघळायला लागली. "अगं, ही तर आपली खोली!" ती म्हणाली. खुर्चीत बसून तिनं उगाचच पलंगावरच्या चादरीची सुरकुती सारखी केली. "अशी खोली असेल तर मग..." ती म्हणाली आणि थांबली. इतक्या महिन्यांत आई पहिल्यांदाच 'नाही'च्या अलीकडे थांबली होती.

दादानं खुर्ची आत घेतली. एक गोल चक्कर मारली. पलंग बघितला, खिडकी बघितली. मग खुर्ची वळवून ज्या जागेतून आत आला तिकडे बघत राहिला.

"दार?" तो म्हणाला.

"हे काय, इथे," टेपताईनं मोकळी जागा दाखवली.

"हे... भोक आहे. दार... कुठंय?"

टेपताईनं खाली बघितलं. तिथे दार आखलेलंच नव्हतं. घरी दादाच्या खोलीला दार नव्हतं. पहिली चाकांची खुर्ची आली तेव्हा चार बोटांची जागा कमी पडली, म्हणून बाबांनी फळी काढून टाकली. मग पडदा लावला, तो चाकात गुंडाळला गेला, म्हणून तोही काढला. तेव्हापासून बैठकीत येणाऱ्या प्रत्येक माणसाला दादा दिसायचा. झोपलेला, कपडे बदलताना, कधी रडताना. सगळ्यांना सवय झाली होती. आणि गावभरच्या दारांना नावं ठेवणाऱ्या या बाईनं बाकी अकरा खोल्यांना सरकती दारं काढली, सख्ख्या भावाच्या खोलीला मात्र भोक. ती विसरली नव्हती, ते अधिक वाईट. तिला ते सुचलंच नव्हतं.

"त्याला कशाला हवंय दार?" आई म्हणाली. "त्याला मोकळं आवडतं."

"नाही," दादा म्हणाला. पुढे काही येणार हे दिसत होतं. आईनं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, पण या वेळी काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून सगळे थांबले. दादानं शब्द ओढून काढले. "ही खोली नको. हिच्यापासूनच... चार दिवस सुटका हवी. उसंत... फक्त आईलाच का?"

टेपताईला दादाचा राग आला. आज नको रे, ती मनात म्हणत होती, आज फक्त मान हलव, आईचे गुडघे होऊन जाऊ देत, मग हवी तितकी दारं लावून देते. आणि मग तिला स्वतःचाच राग आला, कारण सगळे जन्मभर दादाला हेच सांगत आले होते. तिनं खिशातून खडू काढला.

"सरकतं की उघडतं?" तिनं विचारलं.

"सरकतं. कडी... आतून."

"आतून?" आईचा आवाज चढला. "आत पडला तर? ठसका लागला तर?"

"मोठी कडी बसवू, डाव्या हातानं ढकलता येईल अशी," ताई म्हणाली. "अडीअडचणीला बाहेरून किल्लीनं उघडते. पलंगाशी घंटेची दोरी, जमिनीपर्यंत."

"घंटा कशाला? मी आहे ना!"

"तू दवाखान्यात असशील, आई."

फौजदार पुढे झाली आणि तिनं अदबीनं आईचा हात धरला. "आजी, बाहेर चला. त्याला दार लावायचंय." आई उठली. काठी टेकत बाहेर आली. टेपताईनं गुडघ्यावर बसून त्या मोकळ्या जागेत आडवी रेघ ओढली. हॉलमध्ये सगळ्यांना एकदम कामं आठवली. ठेकेदार नुसताच टेप गुंडाळत बसला, अध्यक्ष छताचे पंखे बघायला लागले.

आई रेघेच्या बाहेर उभी होती. आत, हाताच्या अंतरावर दादा.

"मी परकी झाले का रे तुला?" तिनं विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "पण इतक्या वर्षांत... मला कुणी... 'येऊ का' विचारलं नाही."

आईनं रेघेकडे बघितलं. नेहमीची आई असती, तर रेघ ओलांडून आत गेली असती आणि त्याचा शर्ट सारखा करून आली असती. फौजदारचा हात तयारच होता. पण आईनं काठी उचलली आणि जमिनीवर दोनदा आपटली. ठक, ठक.

"राजा, येऊ का?"

आतून थोड्या वेळानं आवाज आला. "कोण?"

"मी! आई!"

"काय... काम होतं?"

अध्यक्षांना हसू आवरेना. "मेल्या, गुडघे मोडलेत माझे," आई ओरडली, "लवकर बोल, येऊ का नको?"

दादानं डोळे मिटले. तो मजा घेत होता, आणि ते त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर पसरलं होतं. मग तो म्हणाला, "आत्ता नको."

"बरं," आई म्हणाली. वळली. एकही भिंत न ओलांडता, पॅसेजमधून, दारातून बसायच्या खोलीत गेली आणि तिथल्या खुर्चीत टेकली. टेपताई तिच्यामागे गेली, पाणी दिलं. आईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

"डॉक्टरांकडून तारीख घे," ती म्हणाली. "आणि दोन्ही गुडघे एकदमच करा म्हणावं. याचे नखरे ऐकायला मी दोनदा नाही येणार."

टेपताईला उडीच मारावीशी वाटली. ही बातमी आधी दादाला सांगायची म्हणून ती तशीच धावत सुटली. पॅसेज सोडून, बाथरूममधून, सरळ दादाच्या भिंतीवर.

"भिंत!" फौजदार कडाडली.

टेपताई जागच्या जागी थबकली. एक पाय खडूच्या रेघेवर होता, तो तिनं मागे घेतला. वळसा घालून दारापाशी आली. तिनं आयुष्यात शेकडो दारं मोजली होती, पण दादाच्या दाराबाहेर ती कधी उभी राहिली नव्हती. आत दादा तिच्याकडे पाठ करून, खिडकी म्हणून आखलेल्या जागेसमोर शांत बसला होता.

"दादा, येऊ का?"

तो काही बोलला नाही. खांदा हलला, म्हणजे शब्द येत होता बहुतेक, किंवा नव्हता. तिला राहवेना.

"काय म्हणाला गं?" आईनं पलीकडून हाक दिली.

"अजून काही नाही म्हणाला."

"मग थांब की जरा," आई म्हणाली.